तावदान बदलताना

मोडका भाग काढून नवा बसवणे हे सुताराचे किंवा काच बसवणाऱ्याचे काम, त्यात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे पुष्कळांस वाटेल. परंतु जी वस्तू आपण घडवली नाही, पूर्वीच्यांनी आपल्या हाती सोपवली, तिचा भाग बदलताना आपण कशाशी प्रामाणिक राहावयाचे? त्यांनी वापरलेल्या वस्तूशी, की ज्या कारणासाठी त्यांनी ती वापरली त्या कारणाशी? हा प्रश्न काचघराच्या तावदानांत फार स्पष्ट दिसतो. म्हणून वाचकहो, थोडा वेळ लंडनच्या क्यू येथील वनस्पती-उद्यानात चला.

आपल्याकडे कोवळ्या रोपाला सावली करावी लागते. इंग्लंडात त्याला ऊब द्यावी लागते. उष्ण देशांतील झाडे तेथल्या थंडीत जगावीत म्हणून काचेची घरे बांधतात. क्यू येथील ताडांचे काचघर १८४४ ते १८४८ या काळात उभे राहिले. वास्तुशास्त्रज्ञ डेसिमस बर्टन आणि डब्लिनचे लोखंडकाम करणारे कारखानदार रिचर्ड टर्नर या दोघांचे ते काम. लांबी सुमारे ११० मीटर, आणि जहाजबांधणीतून घेतलेल्या लोखंडी कमानींवर सगळा भार. आत खांबांचे रान नाही, त्यामुळे ताडांना वाढायला मोकळी जागा.

या घराची पहिली काच मुद्दाम हिरवी केलेली होती. उन्हातील तापाने पाने करपतील अशी भीती होती; म्हणून रॉबर्ट हंट या शास्त्रज्ञाचा सल्ला घेऊन तांब्याच्या भस्माने किंचित हिरवी केलेली काच बसवली. पुढे लंडनच्या कोळशाचा धूर वाढला. हिवाळ्यात आधीच सूर्यप्रकाश थोडा, त्यात काजळीचा थर आणि त्याखाली हिरवी काच! झाडांना उजेडच पुरेना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिरवी काच जाऊन साधी पांढरी काच आली.

आता विचारावेसे वाटते, की ज्या माळ्यांनी हिरवी काच काढली ते बर्टन-टर्नर यांच्या कामाशी बेइमान झाले काय? माझ्या मते नाही. पहिल्यांनी हिरवी काच झाडांसाठी घातली, दुसऱ्यांनी ती झाडांसाठीच काढली. उलट ‘वडीलधाऱ्यांनी हिरवी घातली, आम्हीही हिरवीच घालणार’ असे म्हणून त्यांनी झाडे निस्तेज होऊ दिली असती, तर वडीलधाऱ्यांची काच राहिली असती आणि त्यांचा हेतू मेला असता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुने ते सगळे हेतुपूर्वकच केलेले असते असेही नाही. इंग्लंडात काचेवर १७४६ पासून १८४५ पर्यंत कर होता आणि तो वजनावर आकारीत. जाड काच घालणाऱ्याने कर अधिक भरावा. साहजिकच लोक पातळ काचेवर भागवीत. ताडघराचे काम चालू असतानाच तो कर उठला. म्हणजे त्याआधीच्या एखाद्या काचघराचे पातळ तावदान ‘पूर्वजांची आवड’ म्हणून जपणारा मनुष्य कदाचित पूर्वजांवरच्या कराचाच आदर करीत असेल. वारशात काय हौसेने केलेले आणि काय नाइलाजाने, हे विचारल्यावाचून निष्ठेची भाषा बोलणे धोक्याचे आहे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. ‘हेतू महत्त्वाचा, वस्तू नव्हे’ हे वाक्य आळशी मनुष्याच्याही फार उपयोगी पडते. स्वस्त पडते, लवकर होते, कटकट मिटते, आणि वर हेतूचे नाव! मग खरा बदल आणि सोयीचा बदल यांत फरक कसा करावा? मला एक खूण उपयोगी वाटते: बदलाचा भार कोणावर पडला आणि लाभ कोणाला झाला, हे पाहावे. ताडघराची १९८४ ते १९८८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. घर पहिल्यांदाच पूर्ण रिकामे केले, सगळे खोलून काढले. सुमारे १६,००० तावदाने नवी बसली, ती टफन काचेची. काच धरणाऱ्या जुन्या गंजक्या पट्ट्यांच्या जागी सुमारे १६ किलोमीटर स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या आल्या. जुन्या लोखंडाशी स्टीलचे नाते नाही, असे म्हणणाऱ्याला म्हणू द्यावे. पण हा बदल दुरुस्ती करणाऱ्याने आपली सोय पाहून केलेला नव्हता. तथापि तो निष्पापही नव्हता. जी झाडे हलवण्यापलीकडे वाढली होती ती कापावी लागली. ज्यांच्यासाठी घर, त्यांच्यापैकीच काहींचा बळी घराच्या दुरुस्तीला गेला. हा हिशेब कोणाला सहज जुळवता येईल असे मला वाटत नाही.

एथेन्समधील थीसियसच्या जहाजाचा प्रश्न तत्त्वज्ञ फार दिवस घोळवीत आले आहेत: एकेक फळी बदलली, तर जहाज तेच राहिले का? रविवारच्या शाळेतील मोठ्या मुलांपुढे हा प्रश्न जरूर ठेवावा, त्यांना तो आवडतो. मात्र त्यात एक उणीव आहे. आत कोण बसले आहे हे तो विचारीत नाही.

घरच्या परसातील छोट्या काचघराचे पाहा. तेथे हा प्रश्न अधिक बोचरा होतो. कारखाना बंद पडलेला, जुने माप बाजारात मिळत नाही. साधी बागकामाची काच तीन मिलिमीटर जाडीची. दुकानदार हवी तशी कापून देतो, आणि तीच स्वस्त. परंतु फुटली की तिचे लांब धारदार तुकडे पडतात. टफन काच तापवून झटकन थंड केलेली असते. फुटली तर बारीक खडे होतात. तिची अडचण अशी, की एकदा तयार झाल्यावर ती कापता येत नाही. माप आधीच अचूक द्यावे लागते, खर्च अधिक, थांबणेही अधिक. पॉलिकार्बोनेटचे पत्रे हलके, न फुटणारे. मात्र काही वर्षांनी पिवळट पडतात. ऐपत नसलेल्याने ते घातले तर त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. पण जेथे शेजारची पोरे चेंडू खेळतात तेथे जुन्या घराची शोभा राखण्यासाठी पातळ काच बसवणे मला पटत नाही. शोभा मालकाची आणि जखम दुसऱ्याच्या लेकराची, ही वाटणी सरळ नव्हे. काटकसर म्हणून ती बसवली तरी हिशेब तोच.

आपल्या जुन्या उपासनामंदिरांच्या खिडक्यांतही कोठे कोठे रंगीत काच आहे. एखादे तावदान फुटले की पंचकमिटीत वाद होतो. एक जण म्हणतो जुन्यासारखेच आणा, दुसरा म्हणतो साधे बसवा, उजेड येईल. दोघांपैकी कोणी तरी आधी हे शोधावे, की रंग तेथे का होता? पश्चिमेचे ऊन आत बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून, की कोणाच्या आठवणीसाठी, की त्या वेळी तीच काच मिळाली म्हणून? उत्तर काय निघते त्यावर नवे तावदान ठरेल.

क्यू येथे आता आणखी एका बदलाची योजना पुढे आली आहे. एकपदरी काचेतून ऊब फार निसटते आणि घर गरम ठेवण्यासाठी इंधन फार जळते. म्हणून अधिक ऊब धरणारी दुपदरी काच बसवावी असा विचार आहे. त्या घरात दक्षिण आफ्रिकेतून १७७५ मध्ये फ्रान्सिस मॅसन यांनी आणलेले एक सायकड आहे. ते कुंडीत आहे, वाकलेले, आधार देऊन उभे. त्याला आजवर एकदाच, १८१९ मध्ये, शंकू आला. ते हिरव्या काचेखाली होते, पांढऱ्या काचेखाली होते, आणि १९८८ नंतर टफन काचेखाली आहे. दुपदरी काच बसवण्याआधी घर पुन्हा रिकामे करावे लागेल, आणि त्या म्हाताऱ्याला कोठे व कसे न्यावयाचे, हे आधी ठरवावे लागेल.