संशयाचे माप

अमेरिकेत कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी माजी सैनिकांच्या हक्कांवर निबंधस्पर्धा भरतात. दुसऱ्याच्या जखमेवर लिहून पारितोषिक मिळवावयाचे, हे प्रथमदर्शनी खटकते. परंतु इतिहास पाहिला म्हणजे मत बदलते. अशा दाव्यासाठी वकिलाने १० डॉलरांहून अधिक घेऊ नयेत, असे बंधन तेथे १८६४ पासून होते. हेतू सैनिकाची लूट टाळण्याचा. परिणाम मात्र त्याला वकीलच न मिळण्याचा. खात्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयाचे दार उघडले ते १९८८ च्या कायद्याने.

दोन्ही बाजूंचा पुरावा समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असे तेथील कायदा सांगतो. हे औदार्य म्हणावे की ऋणफेड? माझ्या मते ऋणफेड. रणांगणावर माणसे सांभाळावयाची असतात, कागद नव्हे. कागद ठेवण्याचे काम सरकारचे. मग ते हरवल्याचा दोष सैनिकाच्या माथी कसा?

पण पारडी समतोल झाली, हे ठरवितो ज्याच्या हाती फाइल असते तोच. म्हणूनच बाहेरच्या लेखणीची गरज, मग ती पारितोषिकासाठी का उचललेली असेना. आणि आपण फाइली हाताळणाऱ्यांनी ‘पुराव्याअभावी नामंजूर’ असा शेरा लिहिण्यापूर्वी, तो अभाव कोणामुळे, एवढे तरी स्वतःस विचारावे.