व्यायाम आणि रोजचें ओझें



परभणी जिल्ह्यांतील झरीसारख्या गांवीं व्यायामाचा विषय काढिला, कीं ऐकणाऱ्याच्या मुखावर स्मित उमटतें. "पाळकसाहेब, दिवसभर काळ्या मातींत राबणाऱ्यास आणखी व्यायाम कशाला? तो शहरांतील बसून खाणाऱ्यांनीं करावा," असें उत्तर मिळतें. हें उत्तर तुच्छ मानूं नये. श्रमलेल्या मनुष्यास विश्रांति हवी, उपदेश नको. तथापि त्यांत एक चूक दडलेली आहे, तिचा विचार करूं या.

पहिली गोष्ट ही, कीं आपला श्रम पूर्वीचा राहिलेला नाहीं. जातें गेलें, गिरणी आली. मोट गेली, वीजपंप आला. नांगरट ट्रॅक्टर करितो, आणि शेजारच्या वस्तीस जावयासही मोटारसायकल लागते. हीं सुखें वाईट नव्हत. आमच्या आयाबहिणींचा जुलमी भार त्यांनीं उतरविला. दुसरी गोष्ट ही, कीं जो श्रम उरला तो एकांगी आहे. कापूस वेंचणारी स्त्री दिवसभर एकाच रीतीनें वांकते. तिची पाठ थकते, पण बळकट होतेच असें नाहीं. शिक्षक, दुकानदार व उपदेशक ह्यांचे तर बहुतेक तास बसण्यांतच जातात.

व्यायामानें ओझें हलकें होत नाहीं. उचलणारा बळकट होतो. ज्याची सारी शक्ति एक घागर उचलण्यांत खर्चते, तो त्या घागरीचा दास होय. ज्याची निम्मीच खर्चते, त्याच्याजवळ लेंकरास कडेवर घ्यावयास व शेजाऱ्याशीं गोड बोलावयास कांहीं शिल्लक राहतें. संध्याकाळची पुष्कळशी चिडचिड स्वभावाची नसून थकव्याची असते, हें कोणत्या घरास ठाऊक नाहीं?

ह्यास पुरावाही आहे. लंडन शहरांतील बसगाड्यांच्या नोकरांची जेरेमी मॉरिस ह्यांनीं केलेली पाहणी सन १९५३ त प्रसिद्ध झाली. बसून गाडी हांकणाऱ्यांपेक्षां जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांस हृदयविकार कमी आढळला. पुढें सन १९९० त बोस्टन येथील नव्वदीच्या घरांतील कांहीं दुर्बल वृद्धांची हकीकत प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांच्या व्यायामानें त्यांच्या पायांची शक्ति सरासरी दुपटीहून अधिक झाली होती. आपल्याकडे अमरावतीस सन १९१४ त स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें व्यायामशिक्षक तयार केले, व ही विद्या केवळ पहिलवानांची राहूं दिली नाहीं.

मग व्यायाम हें कर्तव्य आहे काय? माझ्या मतें होय, पण मर्यादेनें. माझें बळ केवळ माझें नाहीं. मी आळसानें दुर्बळ झालों, तर माझें ओझें मुलास व सुनेस वाहावें लागतें. तथापि जो रोगानें किंवा दारिद्र्यानें खचला, त्यास दोष देण्याचा अधिकार ह्यांतून कोणासही मिळत नाहीं. उलट बळकटाचें बळ त्याच्यासाठींच आहे. पौलानें तीमथ्यास लिहितांना देहाच्या व्यायामाचा लाभ थोडा म्हटला. परंतु थोडा म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२० त प्रौढांस आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रम, व निदान दोन दिवस स्नायु बळकट करणारा व्यायाम सुचविला. म्हणजे पांच दिवस अर्धा तास झपझप चालावें, आणि दोन दिवस ओट्यावरून हात न टेकतां दहा वेळां उठावें व बसावें. शेतांत राबणाऱ्यानें चालण्याची चिंता न करितां आंखडलेली पाठ व खांदे सावकाश मोकळे करावे. ज्यांच्या छातींत दुखतें, त्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. ह्यास पैसा लागत नाहीं, आखाडा लागत नाहीं. नेम मात्र लागतो.

वाचकहो, उद्यां शेजारी आजारी पडला व त्यास खाटेवरून उचलावयाचें झालें, तर आपले हात पुरे पडतील काय? ह्या प्रश्नाचें उत्तर उद्यां नव्हे, आज तयार करावयाचें असतें.