सख्य आणि शेजार

ज्यांनी एकमेकांना निवडलेले नाही अशा दोन जिवांना एका छपराखाली ठेवण्याचा अधिकार आपणांस कोठून मिळतो, आणि तो अधिकार एकदा बजावल्यावर कोणती कर्तव्ये आपल्या पदरी पडतात, हा प्रश्न नीतिविचाराला नवा नाही. राज्य, कुटुंब, शाळा, तुरुंग यांच्या संदर्भात तो पुष्कळदा चर्चिला गेला आहे. आम्ही तो येथे दोन मांजरांच्या संदर्भात मांडणार आहोत. विषय क्षुद्र वाटेल; परंतु क्षुद्र विषयाचा एक लाभ असा की, त्यात आपला पक्ष, आपली जात, आपला प्रांत गुंतलेला नसतो आणि म्हणून विचार थोडा निर्मळ राहतो. शिवाय बदलीच्या नोकरीत परमुलखी राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मांजर असते, आणि जेथे एक असते तेथे पुष्कळदा दुसरे येतेच.

ते येते कसे, हेही पाहण्याजोगे आहे. एखाद्या अधिकाऱ्याची बदली दूर होते. नव्या ठिकाणी मांजर नेणे जमत नाही. शेजारच्या क्वार्टरमधील मराठी कुटुंब ते ठेवून घेते. हेतू दयेचाच असतो. घरात चार-पाच वर्षांची एक मांजरी आधीपासून नांदत असते. ‘तिलाही सोबत होईल,’ असे सर्वजण म्हणतात. सगळ्या प्रश्नाचे मूळ या एका वाक्यात आहे. सोबतीवाचून करमत नाही हा परमुलखातील माणसाचा अनुभव. तो आपण त्या मांजरीवर आरोपित करतो. तिला विचारण्याची सोय नसते हे खरे, पण तिच्या जातीचा स्वभाव जाणून घेण्याची सोय असते.

तो स्वभाव असा. आपल्या घरातील मांजर आफ्रिका व पश्चिम आशिया यांतील रानमांजराच्या कुळातील आहे, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने दाखवून दिले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या एका मांजराचा सांगाडा सापडला आहे. तो सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे धान्याची कोठारे झाली, कोठारांत उंदीर आले, आणि उंदरांमागून मांजर आले. त्याला कोणी धरून आणले नाही. ते आपल्या कामासाठी आले आणि राहिले. लांडग्याच्या कळपातून आलेल्या कुत्र्याने एकत्र शिकार करण्याची, वडीलकी मानण्याची, रुसवा काढण्याची वृत्ती बरोबर आणली. मांजराचा पूर्वज एकट्याने शिकार करणारा, आपल्या हद्दीत एकट्याने फिरणारा. विपुल अन्नाच्या ठिकाणी नात्यातल्या मांजरी एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लेही सांभाळतात. परंतु ते सख्य रक्ताचे किंवा बाळपणाचे असते. परक्या प्रौढ मांजराचे दर्शन ही त्यांच्या लेखी हद्दीवरील चढाई होय.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. चिंपांझी वानरे भांडणानंतर एकमेकांजवळ येऊन, मिठी मारून समेट करतात, हे फ्रान्स द वाल यांनी 1979 साली प्रथम नोंदविले; पुढे अनेक कळपप्रिय प्राण्यांत तसेच आढळले. मांजराजवळ समेटाचा असा ठरीव विधी दिसत नाही. ज्याला एकत्र राहायचेच नव्हते, त्याला भांडण मिटविण्याची भाषा लागली नाही. त्याचा तह एकच: अंतर. दोघांनी आपापल्या वाटेने निघून जावे, की झाले. आता या तहाची अट आपण दाराला कडी लावून काढून घेतो. तीन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये निघून जायचे कोठे?

येथून पुढे जे घडते ते बहुधा निःशब्द असते, आणि म्हणूनच घरच्या माणसांच्या ध्यानात येत नाही. फिस्कारणे, गुरगुरणे, केस उभारणे हे पहिले काही दिवस. मग घर शांत होते आणि ‘आता जमले दोघांचे’ असे आपण पाहुण्यांना सांगू लागतो. प्रत्यक्षात काय झालेले असते? एक मांजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अंग पसरून बसते. ते कोणाच्या वाटेला जात नाही. फक्त बसते आणि पाहते. दुसरे कपाटावर राहू लागते. ते दिवसा खाली उतरत नाही. रात्री निजानीज झाल्यावर येऊन घाईघाईने खाते. वाळूच्या घमेल्यापर्यंत जाण्याची वाट अडलेली म्हणून गादीवर किंवा दाराच्या कोपऱ्यात लघवी करते, आणि वर मारही खाते. संस्कृत भाषेने या प्राण्याला मार्जार म्हटले. त्या शब्दाची व्युत्पत्ती ‘पुसणे, स्वच्छ करणे’ या अर्थाच्या धातूपासून लावतात. भीतीने ग्रासलेले मांजर हाच धर्म अतिरेकाला नेते आणि पोटाचे केस चाटून चाटून उडविते, किंवा अंग साफ करणेच सोडून देते. कित्येकांना कोणताही जंतू नसताना मूत्राशयाचा दाह होतो. ताण हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे पशुवैद्य सांगतात. बोक्याच्या बाबतीत त्यातून मूत्रमार्ग बंद झाला, तर थोड्या दिवसांत प्राणावर बेतते.

तेव्हा पहिला नैतिक सिद्धांत येथेच हाती लागतो. आवाज नसणे म्हणजे शांतता नव्हे. ज्या घरात एकाने बोलणे सोडले आहे त्या घरातही भांडण ऐकू येत नाही. सत्तेच्या जागी बसलेल्या माणसाला, मग तो मांजरांचा धनी असो की एखाद्या कचेरीचा प्रमुख असो, निःशब्दतेला शांतता समजण्याचा मोह फार होतो. कारण त्याला स्वतःला त्यातून स्वस्थता मिळते. शांततेची कसोटी बलवानाच्या वागण्यात पाहण्यापेक्षा दुर्बळाच्या हालचालीत पाहावी. ते भरदिवसा घरभर हिंडते काय? पाठ वळवून, डोळे मिटून खाते काय? मोकळ्या जागी अंग टाकून झोपते काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच घर शांत आहे.

मग उंबऱ्यावरचे मांजर दुष्ट ठरते काय? आपला न्यायप्रिय स्वभाव तत्काळ आरोपी शोधू लागतो. परंतु वाट अडविणारे मांजर पुष्कळदा स्वतःच भयभीत असते. आपली हद्द गेली, आता अन्नही जाईल, या शंकेने ते पहारा देत असते. कधी त्याचा रोष तिसऱ्यावरच असतो. खिडकीबाहेर एखादा परका बोका दिसतो. त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. मग जो जवळ सापडेल त्याच्यावर झडप पडते. साहेबाने झापलेला कारकून शिपायावर ओरडतो, तसलाच हा प्रकार. अशा वेळी मारणे, पाणी फेकणे, मानगूट धरून तोंडाला तोंड लावणे या शिक्षांचा परिणाम एकच होतो: दुसऱ्या मांजराच्या दर्शनाशी वेदनेची आठवण जोडली जाते आणि वैर पक्के होते. जेथे अपराधाची जाणीवच नाही तेथे शिक्षेला नैतिक अर्थ उरत नाही; उरते ती केवळ आपली चीड.

पंचतंत्राच्या ‘काकोलूकीय’ तंत्रात कपिंजल पक्षी व ससा यांची गोष्ट आहे. भांडण घराचेच होते. पक्षी परगावी गेला, त्याच्या ढोलीत ससा राहू लागला, पक्षी परतला आणि वाद सुरू झाला. दोघे न्यायासाठी एका तपस्वी मांजराकडे गेले आणि त्याने दोघांनाही खाल्ले. गोष्टीचे तात्पर्य ढोंगी न्यायाधीशाबद्दल आहे. परंतु तिच्यात एक न विचारलेला प्रश्नही आहे: त्या झाडाला दुसरी ढोली नव्हती काय? पुष्कळ भांडणे न्यायाने सुटत नाहीत, दुसऱ्या ढोलीने सुटतात. दोन मांजरांत एक घमेले, एक ताटली आणि एक खिडकी ठेवून कोण अपराधी याची चौकशी करणारा धनी टंचाई स्वतः निर्माण करतो आणि दंगलीचा दोष मात्र रांगेतल्यांना देतो.

उपाय त्यामुळे पुष्कळसे विटामातीचेच आहेत. 2013 साली पशुवैद्यकांच्या दोन संस्थांनी मिळून मांजरांच्या गरजांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सुरक्षित जागा, आवश्यक वस्तू एकाहून अधिक व एकमेकींपासून दूर, शिकारीसारखा खेळ, माणसाचा सौम्य व नियमित सहवास, आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाचा मान, असे पाच आधार त्यांत सांगितले आहेत. व्यवहारात याचा अर्थ असा: दोन मांजरांना वाळूची घमेली तीन, आणि ती ओळीने एका न्हाणीघरात न ठेवता निरनिराळ्या खोल्यांत. ताटल्या एकमेकींच्या दृष्टीआड. कपाटावर, माळ्यावर, खिडकीत उंच बैठका. आणि लपण्याच्या जागेला शक्यतो दोन तोंडे, म्हणजे कोणी कोंडीत सापडणार नाही.

नव्या मांजराला पहिले काही दिवस स्वतंत्र खोली द्यावी. त्याच्या गालांवर फडके फिरवून ते जुन्या मांजराच्या जागी, आणि जुन्याचे नव्याच्या जागी ठेवावे. मांजर ओळख नाकाने करते, चेहऱ्याने नंतर. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंस दोघांना जेवू घालावे. पुढे दाराला फट, पुढे जाळी, मग थोडा वेळ खोलीत एकत्र. कोणत्याही पायरीवर एकाने खाणे थांबविले तर एक पायरी मागे यावे. याला आठवडे लागतात, कधी महिनेही. आधीच बिघडलेल्या घरातही दोघांना वेगळे करून हाच क्रम पुन्हा आरंभापासून करता येतो. हाताने भांडण सोडवू नये. मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवावा. वागणुकीत एकाएकी बदल झाला तर आधी पशुवैद्य गाठावा, कारण पुष्कळदा रागाच्या मुळाशी दुखणे असते.

येथे एक आक्षेप येणारच, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या देशात माणसांच्या कुटुंबांना एक खोली पुरी मिळत नाही, तेथे मांजरांसाठी तीन घमेल्यांचा विचार करणे ही चैन नव्हे काय? आमचे उत्तर असे की, कर्तव्याचे माप नेहमीच प्राण्याच्या दर्जावरून ठरत नाही. पुष्कळदा ते आपण पत्करलेल्या जबाबदारीवरून ठरते. गल्लीतल्या मांजराचे आपण अन्नही घेतले नाही आणि वाटही अडविली नाही. घरातल्याची वाट मात्र आपण अडविली आहे. कांटसारख्या तत्त्वज्ञाने पशूंविषयीचे कर्तव्य हे खरोखर माणसांविषयीचेच कर्तव्य मानले: जो पशूशी क्रूर होतो तो माणसांशीही कठोर होतो. बेंथमने 1789 साली त्यापुढे जाऊन, प्राणी विचार करतो की नाही यापेक्षा त्याला दुःख होते की नाही हा प्रश्न खरा ठरविला. अहिंसेला पहिला यम मानणाऱ्या परंपरेला हे नवे सांगायला नको. फक्त एवढेच की, आपण अहिंसेचा विचार करतो तेव्हा आपला हात मारीत नाही याकडे पाहतो. आपण केलेल्या मांडणीत कोणी कोणाला छळीत आहे काय, इकडे आपले लक्ष जात नाही.

यानंतर मूळ प्रश्न उरतो: एवढे सगळे करून आपण साधायचे काय? दोघे एका उशीवर झोपावेत, एकमेकांना चाटावे, हे चित्र आपल्या मनात असते. काही जोड्यांत तसे घडते, विशेषतः लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांत. पण त्या चित्राची गरज कोणाला आहे? बहुधा आपल्यालाच. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांनी एकमेकांवरही प्रेम करावे, ही माणसाची फार जुनी हाव आहे, आणि घरोघरची पुष्कळ दुःखे तिच्यातून निघाली आहेत.

पतंजलीने चित्त प्रसन्न राहण्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या. बौद्ध परंपरेतही हीच चौकडी आहे. उपेक्षा हा शब्द आज मराठीत तुच्छतेचा झाला. मुळात त्यात तटस्थपणे पाहण्याचा, न गुंतण्याचा अर्थ आहे. ती या मालिकेत शेवटी येते, आणि ती कमी प्रतीची नाही. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पाउल लायहाउजेन यांनी मोकळ्या हिंडणाऱ्या मांजरांचे निरीक्षण करून दाखविले की, त्यांच्या वाटा सामाईक असतात, पण वेळा वेगळ्या. चौकात एक बसलेले असले तर दुसरे दुरून थांबते आणि पहिले गेल्यावर पुढे येते. बलवान मांजरही आधी बसलेल्याला सहसा उठवीत नाही. हा शेजार होय. शोपेनहौअरच्या 1851 मधील प्रसिद्ध दृष्टांतात थंडीने कुडकुडणारी साळिंदरे जवळ येतात, काट्यांनी टोचून दूर होतात, आणि शेवटी सोसवेल असे अंतर शोधून काढतात. त्याने ते मानवी समाजाचे खिन्न चित्र म्हणून रंगविले. आम्हांस त्यात खिन्न होण्याजोगे काही दिसत नाही. सोसवेल असे अंतर हाती लागणे हीच पुष्कळांच्या आयुष्यातली मोठी कमाई असते.

आणि तेही लाभले नाही तर? महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही एक जीव कपाटावरच राहत असेल, तर त्याला दुसरे चांगले घर पाहून देणे हा पराभव मानू नये. एकत्र राहणे हे साधन आहे. त्यालाच व्रत समजून एकाच्या भयावर ते चालविणे हा हट्ट झाला. मात्र ते घर खरोखर पाहून द्यावे. पिशवीत घालून बाजारात सोडून येणे याला आपल्याकडे ‘सोडून देणे’ असे सौम्य नाव आहे. ती सुटका आपली असते, मांजराची नसते.

मांजरांवरून माणसांचे नियम काढण्यात धोका आहे, हे आम्ही जाणून आहो. माणसाला बोलता येते, चूक कबूल करता येते, क्षमा मागता येते. समेटाची जी भाषा मांजराजवळ नाही ती त्याला मिळालेली आहे. म्हणून आपल्या भांडणांत केवळ अंतरावर समाधान मानणे आपल्याला शोभणार नाही. परंतु जेथे आपण दुसऱ्यांचे राहणे ठरवितो, खोल्या वाटून देतो, टेबले मांडतो, बदल्यांच्या हुकुमांवर सह्या करतो, तेथे त्या मुक्या प्राण्यांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कोण कोणावर प्रेम करतो याची चौकशी आपण करू नये. प्रत्येकाला आपल्या ताटलीपर्यंत निर्भयपणे जाता येते काय, एवढे मात्र रोज पाहावे.