निकालात घड्याळाचा वाटा

संगणकाने माणसाला बुद्धिबळात कधी हरवले, असे विचारले की १९९७ साल सांगितले जाते. त्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लूने विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हवर ३.५-२.५ अशी मात केली. पण हे उत्तर अपुरे आहे. डावाला किती वेळ होता, हे कळल्याशिवाय कोण सरस याचा निवाडा होत नाही.

जुलै १९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया बेटावर विश्वनाथन आनंद आणि ‘रेबेल’ हा प्रोग्राम यांच्यात ८ डाव झाले. त्यांतले ४ ब्लिट्झ होते : प्रत्येकाला ५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंदांची भर. ते रेबेलने ३-१ असे जिंकले. १५ मिनिटांचे २ डावही त्यानेच १.५-०.५ असे घेतले. उरलेल्या दोन डावांत ४० चालींना २ तास मिळत होते, तिथे १.५-०.५ ने आनंद सरस ठरला. एकूण निकाल रेबेलच्या बाजूने ५-३ असा लागला.

खेळाडू तेच होते, बदलले ते घड्याळ. दोन डावांवरून नियम काढू नये, हे खरे. पण आधीचा इतिहासही तेच सांगतो. मे १९९४ मध्ये म्युनिकच्या ब्लिट्झ स्पर्धेत फ्रिट्झ या प्रोग्रामने गुणांत कास्पारोव्हला गाठले. ऑगस्टमध्ये लंडनला २५ मिनिटांच्या डावांत चेस जिनियस या प्रोग्रामने त्याला स्पर्धेबाहेर काढले. पूर्ण वेळेचा डाव तो संगणकाशी हरला फेब्रुवारी १९९६ मध्ये, आणि तो सामना तरीही त्यानेच ४-२ असा जिंकला. संगणकाने आधी मिनिटे जिंकली, मग तास.

असे का व्हावे? डावाच्या मध्यात साधारण ३५ चाली शक्य असतात आणि प्रत्येकीला तितकीच उत्तरे. हा पसारा इतक्या वेगाने वाढतो की वेळ दुप्पट केला तरी संगणकाची नजर थोडीच पुढे जाते. उलट ५ मिनिटांतही तो समोरचा मारा सहसा चुकवत नाही. ग्रँडमास्टरला चांगली चाल पाहताक्षणी सुचते. वेळ लागतो तो तिच्यावर संशय घ्यायला, प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने ती तपासायला. घाईच्या डावात आपण नेमकी ही तपासणीच त्याच्याकडून काढून घेतो.

वेळ मिळाला म्हणजे चूक टळलीच, असेही नाही. २००६ मध्ये बॉनला व्लादिमिर क्रॅमनिकला डीप फ्रिट्झची एका चालीतली मात दिसली नाही, आणि तेव्हा त्याच्यावर वेळेचा दबावही नव्हता. आता तर कितीही वेळ दिला तरी बरोबरीच्या सोंगट्यांनी माणूस संगणकाला सामन्यात हरवू शकत नाही. तरीही घड्याळाचा प्रश्न संपलेला नाही. २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिश या दुसऱ्या प्रोग्रामला हरवले तेव्हा दर चालीला ठरीव एक मिनिट होते. कठीण जागी जास्त वेळ खर्च करण्याचे स्टॉकफिशचे कसब त्यात वाया गेले, हा आक्षेप रास्त होता.

म्हणून वेळेची मर्यादा ही सामन्याची किरकोळ अट नव्हे. कोणत्या गुणांची परीक्षा घ्यायची, हे तीच ठरवते. हे बुद्धिबळापुरतेच नाही. आज संगणकाने दिलेला निर्णय तपासायला अनेक ठिकाणी माणूस बसवला जातो. त्याला विचाराला उसंतच ठेवली नाही, तर त्याची संमती ही निव्वळ सही उरते. माणसाचा विवेक हवा असेल, तर त्याला लागणारा वेळ कामाच्या रचनेतच राखून ठेवला पाहिजे.