अभ्यास गावाचा, प्रश्न कुणाचे?

ग्रामविकास, समाजविकास, स्थानिक अर्थव्यवस्था या विषयांत पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे, पवईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानाचे ‘सितारा’ केंद्र आहे, शिवाय समाजकार्याची महाविद्यालये आहेत. या शिक्षणामागची कल्पना शंभर वर्षांत बदलत आली आहे. गाव आधी निरीक्षणाचा विषय होता, मग सुधारणेचा झाला, मग व्यवस्थापनाचा. अगदी अलीकडे गाव स्वतः अभ्यास करू शकते, हे मान्य होऊ लागले आहे. ही शेवटची पायरी अभ्यासक्रमांच्या भाषेत आली असली तरी परीक्षेत आलेली नाही. ती येत नाही तोवर ही पदवी अपुरी आहे, असे मला वाटते.

पहिला टप्पा पुण्याजवळचा आहे. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. १७७१ साली तिथली सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. बहुसंख्य कुटुंबांचे नुसत्या जमिनीवर भागत नव्हते. आळशी, उधळ्या कुणब्याविषयीच्या सरकारी समजुतींना या आकड्यांनी छेद दिला. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, डॉ. आंबेडकरांनी लहान धारणांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, शेतकऱ्यापाशी भांडवल आणि अवजारे किती यावर ठरते, आणि शेतीवरचा जादा भार उद्योगांनीच हलका होईल, असे त्यांनी मांडले. नुसती मोजणी पुरत नाही, मोजलेल्याचा अर्थ लावायला सिद्धान्त लागतो, हा धडा त्यात आहे. आंबेडकरांप्रमाणेच कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या जे. सी. कुमारप्पांनी १९२९-३०मध्ये गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची पाहणी केली. वर्गातली मुले पाहणीसाठी खेड्यात गेली. पण या सगळ्यांत प्रश्न बाहेरून आलेल्याचे आणि उत्तरे तेवढी गावकऱ्यांची, ही वाटणी कायम राहिली.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ही वाटणी आणखी पक्की केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला. गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक ही पदे घरोघरी माहीत झाली आणि विकास हा प्रशिक्षणाचा विषय ठरला. अवघ्या पाच वर्षांत, १९५७ साली, बळवंतराय मेहता समितीला सांगावे लागले की लोकांचा पुढाकार उभाच राहिला नाही, म्हणून अधिकार निवडून आलेल्या संस्थांकडे द्या. समितीने दुखणे नेमके ओळखले होते, पण उपाय राज्यकारभारापुरता राहिला. विकास शिकवायचा कसा, हा प्रश्न मागेच पडला. त्याच काळात वेगळी वाट दिसली होती ती प्रवरेत. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला आणि गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. मोठा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष म्हणून भागधारक शेतकऱ्यांना जबाबदार राहिला. पुढे १९७९ साली वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने आणंदला इर्मा ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था स्थापन झाली. उत्पादकांच्या संस्थांना त्यांच्याच बाजूचा व्यवस्थापक मिळावा, हा तिचा हेतू होता.

ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली या सगळ्या विद्येच्या मर्मावर बोट ठेवले. तज्ज्ञ डांबरी रस्त्याच्या कडेने जातात, पावसाळा टाळतात, पुढाऱ्यांशी बोलतात, आणि जे दिसले त्यालाच गाव म्हणतात. आपल्याकडे चिखल, रोगराई आणि उसनवारी यांचे महिने नेमके पावसाळ्याचे. म्हणजे ज्या दिवसांत गरिबी सर्वांत कठीण, त्याच दिवसांत अभ्यासक गैरहजर! या टीकेतून सहभागी पद्धती आल्या. पण त्याही पलीकडे गेले ते गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा. या गोंड गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय सर्वसहमतीने घेतले, बाहेरच्या जाणकारांना बोलावून कायदा समजून घेतला आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. जाणकार होतेच, पण प्रश्न गावाचे होते. तज्ज्ञाची गरज संपली नाही, तज्ज्ञाची जागा बदलली.

यावर मोठा आक्षेप आहे आणि तो आंबेडकरांचाच आहे. नोव्हेंबर १९४८मध्ये संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. ‘गाव ठरवेल’ म्हणताना ठरवणारे कोण असतात? सहभागी नकाशाचेच पाहा. देवळासमोरच्या अंगणात रांगोळीने रस्ते काढायचे, खड्यांची घरे मांडायची, पानांनी विहिरी दाखवायच्या. अंगण देवळाचे असेल तर दलित वस्तीतल्या बायका कडेलाच उभ्या राहतात, आणि त्यांची विहीर नकाशात येत नाही. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ हा रकाना आला की शेत कसणारी बाई पहिल्याच ओळीत नाहीशी होते. आक्षेप खरा आहे. मात्र त्यातून निघते ते एवढेच, की एकसंध गाव गृहीत धरू नका. नकाशा दोन ठिकाणी काढा, बायकांचा वेगळा काढा, आणि दोन नकाशे का जुळत नाहीत ते सभेत विचारा. असे विचारायला जात, जमीन आणि लिंगभाव यांचा सिद्धान्त पक्का लागतो. पदव्युत्तर शिक्षणाची खरी गरज इथेच आहे. नुसत्या सद्भावनेला हा फरक दिसत नाही.

दुसरा आक्षेप विद्यापीठातून येतो. गावाला उत्तरदायी राहिलेला संशोधक गावाला रुचेल तेच लिहील आणि अभ्यासाची शिस्त ढळेल, असा. पण उत्तर देणे म्हणजे होकार देणे नव्हे. निष्कर्ष ग्रामसभेपुढे मांडून तिचे मत प्रबंधाला जोडले, तर संशोधकाचे म्हणणे पुसले जात नाही; त्याची आणखी एक तपासणी होते. चुकलेला आकडा गावाइतका लवकर कोण पकडणार? आज मार्गदर्शक आणि बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात. ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्यापर्यंत तो बहुधा पोचत नाही, आणि इंग्रजीत असल्याने पोचूनही उपयोग नसतो.

म्हणून मागणी साधी आहे. विद्यार्थ्याने निदान एक पावसाळा गावात काढावा, विषय ग्रामसभेशी आणि वस्त्यांवरच्या वेगळ्या बैठकांत बोलून ठरवावा, मराठीत अहवाल वाचून दाखवावा, आणि तिथे आलेल्या हरकतींना त्याने दिलेल्या उत्तरांवर गुण असावेत. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सांगितले होते की महसूल रयतेच्या कष्टांतून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. ते देणे अजून फिटलेले नाही. इतर विद्याशाखा कदाचित ते विसरू शकतील. गावाच्या नावाने पदवी देणाऱ्या शाखेला तशी मुभा नाही, कारण तिची सारी सामग्रीच गावाने दिलेली आहे.