पलायनकथेचा नायक आणि मागे उरलेले

पलायनकथेचे रूपच असे असते की, जो बाहेर पडतो तो नायक ठरतो आणि जो मागे राहतो तो पार्श्वभूमी. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात बंदी झालेल्या भारतीय वैमानिकांचा वृत्तान्तही याच चौकटीत वाचला जातो. ऑगस्ट १९७२ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. अफगाण सरहद्दीलगत लंडी कोतलला पकडले गेले. त्यांचे साहस निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो नेतृत्वाचा.

छावणीत हुद्द्याने ज्येष्ठ होते विंग कमांडर कोएलो. पलायनाचे नेतृत्व मात्र कनिष्ठाकडे आले. १९४९ च्या जिनिव्हा कराराचे कलम ९२ पलायनात पकडल्या गेलेल्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा ठरवते. कलम ८७ सामूहिक शिक्षा निषिद्ध मानते. म्हणजे कृतीची किंमत कर्त्यानेच मोजायची. परंतु पहारेकऱ्यांचा रोष कलमे पाहून उतरत नाही. तो मागे उरलेल्यांनाही गाठू शकतो.

मग त्यांची संमती मिळाली की नेत्याचे दायित्व संपते काय? सहबंद्यांमध्ये नकार देणे म्हणजे भ्याड ठरणे. तेव्हा अशी संमती पुरती स्वतंत्र नसते. म्हणून बंदिवासातील नेतृत्वाची कसोटी धाडसात नव्हे, तर नकार देणाऱ्याची अप्रतिष्ठा होऊ न देण्यात आहे, असे म्हणावे लागते. डिसेंबर १९७२ मध्ये पळालेले आणि न पळालेले सारेच मायदेशी परतले. पलायनकथेत मात्र दुसऱ्यांना जागा नाही. ती शोधणे हे समीक्षेचे काम आहे.