जर-तरची किंमत

पानिपतचा विषय निघाला की दोन वाक्यांत बोलणं ‘तर’वर येतं. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर. मल्हारराव अखेरपर्यंत थांबले असते तर. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारवर महाराष्ट्राने जितका जर-तर केला असेल, तितका दुसऱ्या कुठल्या दिवसावर केला नसेल. इतिहासाचे अभ्यासक हे निरर्थक मानतात. पुराव्याबाहेर पाऊल टाकायचं नाही ही त्यांची शिस्त आहे आणि ती त्यांना शोभते. कथाकाराने मात्र या ‘तर’कडे पाठ फिरवू नये, असं मला मनापासून वाटतं. गप्पांमधला ‘तर’ फुकट मिळतो. कथेत त्याची किंमत मोजावी लागते, आणि पर्यायी इतिहासाच्या कथेचा सगळा कस त्या किमतीत लागतो.

मराठीत ही किंमत स्वच्छपणे मोजली ती जयंत नारळीकरांनी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ती देशभरातल्या अकरावीच्या मुलांनीही इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात वाचली आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत. पेशव्यांनी दिल्लीचा बादशहा नावापुरता गादीवर ठेवला आहे, देश स्वतःच्या पायावर उभा आहे आणि मुंबईत मात्र अजून कंपनीचा अंमल आहे. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून पंत हा फाटा नेमका कुठे फुटला ते शोधतात. बखरीत त्यांना ती ओळ सापडते: गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली. आपल्या जगातल्या बखरीत ती लागलेली आहे. दोन्ही पानांत फरक आहे तो एवढाच.

वाचकांच्या लक्षात राहते ती ही गोळी. माझ्या मते कथेचं काळीज दुसरीकडे आहे. मुंबईत उतरल्यावर पंत मुलाला भेटायला त्याच्या कचेरीत जातात. तिथली बाई नावांची यादी चाळते आणि सांगते की या नावाचं इथे कुणी नाही. दोनशे वर्षांपूर्वी इतिहासाने वेगळी वाट धरली असेल, तर आपला मुलगा जन्मला तरी असेल कशावरून? नारळीकर हे दोन-चार वाक्यांत सांगून पुढे जातात, मी मात्र दर वाचनात तिथेच अडखळतो. ज्या विजयाची स्वप्नं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली तो हाताशी आला आहे आणि त्याच्या बदल्यात स्वतःचं मूल यादीतून गेलं आहे. पर्यायी इतिहास प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला हा सौदा टाळता येत नाही. एक धागा ओढला की सगळं वस्त्र हलतं, आणि त्या वस्त्रात आपणही विणलेले असतो.

अमेरिकेत फिलिप के. डिकने १९६२ साली ‘द मॅन इन द हाय कॅसल’ लिहिली. त्याचाही फाटा एका गोळीपाशी फुटतो. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते बचावले, शेजारचे शिकागोचे महापौर सेरमाक जखमी झाले आणि पुढे वारले. डिकच्या जगात रूझवेल्ट मरतात, अमेरिका दुसरं महायुद्ध हरते आणि जर्मनी-जपान तिची वाटणी करतात. नारळीकरांनी लागलेली गोळी चुकवली, डिकने चुकलेली लावली. दुसऱ्या कामाला जास्त धैर्य लागतं असं मला वाटतं. स्वतःच्या देशाला जिंकवणं मनाला गोड लागतं. त्याला हरवून त्या हरलेल्या देशातली माणसं कशी लाचार होतात, कशाशी जुळवून घेतात, हे लिहायला बसणं जड जातं.

त्याच १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी वारले, आणि ती कादंबरी वाचून मराठी घराघरांत डोळे पुसले गेले. पुस्तक मिटताना प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न होता: हे जगले असते तर? तो प्रश्न पुढे नेऊन पन्नाशीतले माधवराव कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. झाल्या गोष्टीवर हळहळणारी ऐतिहासिक कादंबरी आपण उदंड लिहिली आणि ‘तर’ वाचकाच्या उसाशावर सोडून दिला. पन्नाशीतल्या माधवरावांनी काय केलं असतं हे ठरवायचं तर त्यांच्यावर चुकांची जबाबदारीही टाकावी लागते. आयुष्य अर्ध्यात तुटलेल्या माणसावर प्रेम करणं त्या मानाने सोपं जातं.

या लेखनाचा एक नियम मी मानतो: बदल एकच करायचा आणि बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. विश्वासराव वाचले, ठीक. पण १७६० च्या ऑक्टोबरअखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली होती आणि भाऊंचा दक्षिणेशी संबंध तुटला होता. डिसेंबरात रसदीची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले मारले गेले. फौज आणि तिच्याबरोबरचे बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-पोरं कित्येक आठवडे उपाशी होती. घोड्यांना वैरण नव्हती. उपासमार असह्य झाली म्हणूनच त्या सकाळी भाऊ छावणीबाहेर पडले. गोळी कानाजवळून गेली तरी घोडा उपाशीच राहतो. नारळीकरांना असा क्षण हवा होता जिथे केसाएवढ्या फरकाने पारडं फिरतं, आणि दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती हे पाहता त्यांची निवड रास्त आहे. मी फाटा डिसेंबरात नेईन. गोविंदपंत निसटतात आणि धान्य छावणीत पोचतं. असं ठरवलं की पुढचा प्रश्न दार ठोठावतो: ते धान्य येणार कुठून? अंतर्वेदीतल्या शेतकऱ्याच्या कणगीतून, ऐन हिवाळ्यात. मग त्या घरातली चूलही दाखवावी लागते.

याहून अवघड प्रश्न पुण्यातच वाट पाहत असतो. १८४१ साली जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पानिपत जिंकलं, पेशवाई टिकली, इंग्रज मुंबईपुरते उरले, तर ही शाळा कुठून येते? इथे दोन आयती उत्तरं मिळतात. एक म्हणतं, परकी राज्य आलं हेच बरं झालं. दुसरं म्हणतं, पेशव्यांनी काळाप्रमाणे आपणहून सुधारणा केल्याच असत्या. दोन्ही उत्तरं विचार न करता दिलेली आहेत. पहिलं लुटीचा हिशेब विसरतं, दुसरं पेशवाईतल्या जातिव्यवस्थेचा. विजयी पुण्यावर कथा लिहिणाऱ्याने एकोणिसाव्या शतकात माळ्याच्या एका बुद्धिमान मुलापर्यंत पुस्तक कसं पोचतं, कुणाच्या हातून पोचतं आणि कोण ते अडवतं, हे पानावर उभं केलं पाहिजे. ते जमत नसेल तर अटकेपार झेंड्याची वर्णनं कितीही देखणी असोत, ती कथा मला अपुरी वाटेल.

हॅरी टर्टलडव्हची ‘द लास्ट आर्टिकल’ ही कथा मी याच कारणासाठी महत्त्वाची मानतो. तिच्यात युद्ध जिंकलेले जर्मन हिंदुस्थान ताब्यात घेतात आणि गांधीजी त्यांच्यासमोर सत्याग्रहाला उभे राहतात. शेवट भीषण आहे. सत्याग्रह फक्त समोरच्याच्या शरमेवर चालतो असं ती कथा धरून चालते, ते मला पटत नाही. तो लोकांच्या असहकारावरही चालतो. पण पटलं नाही म्हणून मला उत्तर शोधावं लागलं.

रणांगण सोडून फाटा शोधायचा झाला तर माझं मन १६७४ च्या सुरतेकडे जातं. रायगडावर राज्याभिषेक झाला ते हे वर्ष. सुरतेतले भीमजी पारेख हे कंपनीचे दलाल. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापावेत म्हणून त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला आणि त्या वर्षी हेन्री हिल्स नावाचा मुद्रक इकडे आला. त्याला छापता येत होतं, पण इथल्या लिपीचे खिळे पाडता येत नव्हते. भीमजींनी हात टेकले नाहीत. त्यांनी स्वतःचे कारागीर कामाला लावले. त्यांनी बनियांच्या लिपीत छापलेले कागद सुरतेच्या इंग्रजांनी पाहिले आणि अक्षर सुबक, वाचता येण्याजोगं आहे, काम होण्यासारखं आहे असं विलायतेला कळवलं. खर्च फार आणि अनुभवाअभावी वेळ फार, अशी तक्रारही सोबत होती. पुढे ते काम थांबलं. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ राचोलला छापलं गेलं, पण रोमन अक्षरांत. नागरी खिळ्यांतलं मराठी यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं: १८०५ ला श्रीरामपुरात केरीचं व्याकरण, पाठोपाठ तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात इसापनीती.

म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं एका थांबलेल्या कामात गेली. कुणी पडलं नाही, तोफ उडाली नाही, म्हणून त्या कामाची हळहळही कुणाला नाही. समजा, भीमजींच्या कारागिरांना आणखी थोडा पैसा आणि दोन हिवाळे मिळाले. मग बाळबोध अक्षरांचे साचे निघाले, मात्रा-वेलांट्या नीट बसल्या आणि जोडाक्षरं जमली. आता किंमत मोजायला घेऊ. पहिली झळ पोथ्या नकलून पोट भरणाऱ्या लेखकांना. मोडीची जलद, एकमेकांत गुंतलेली वळणं खिळ्यांत बसवणं कठीण, म्हणजे दप्तरातल्या कारकुनाची मिरासही धोक्यात. तुकोबांना जाऊन तेव्हा पाव शतक झालेलं. त्यांचे अभंग वह्यांत आणि वारकऱ्यांच्या मुखी, प्रत्येक फडावर थोडे निराळे. छापखाना आला की कुणीतरी एक पाठ पक्का करणार. तो कोण करणार, आणि नको असलेले अभंग गाळणार का? उलट बाजूने, पोथी स्वस्त झाली की ती कुणब्याच्या घरी जाणार आणि मग भिडेवाड्याची वाट कदाचित शंभर वर्षं आधी मोकळी होणार. कदाचित असं म्हणतो, कारण खिळे पाडून घेणारा आणि ग्रंथ निवडणारा शेटजीच असेल, तर छापून निघणार व्रतवैकल्यं आणि पंचांगं.

या दोन शक्यतांपैकी कुठली खरी ठरते हे मला आधीपासून ठरवायचं नाही. ते माणसं उभी करताना कळेल. सुरुवात कुठून करायची एवढं मात्र पक्कं आहे. भीमजींचं नाव कंपनीच्या पत्रांत आलं, हिल्सचंही आलं. ज्यांनी ती सुबक अक्षरं घडवली ते त्या पत्रात फक्त भीमजींची माणसं आहेत. त्यांच्यातल्या एकाला मी नाव देणार आहे आणि त्याच्या हातात धातूवर उलटा कोरलेला ‘अ’ देणार आहे.